व्होइल ड्रिगार्न: वेल्समधली एक गवताळ टेकडी कशी चढावी आणि वर काय पाहावं

ब्रिटनमध्ये राहणारा मराठी माणूस वेल्सला निघाला की गाडी बहुतेक वेळा उत्तरेला, स्नोडनच्या दिशेने वळते. सगळ्यात उंच शिखर आपल्याला आधी हवं असतं, त्यात गैर काही नाही. पण सह्याद्रीत ज्याने गडकोट पाहिले आहेत, पडक्या वाड्याची जोती शोधत गवतात हिंडण्यात ज्याला रस आहे, त्याने नैर्ऋत्य वेल्समधल्या पेम्ब्रोकशरला जावं. तिथे प्रेसेली नावाची बुटकी डोंगररांग आहे आणि तिच्या पूर्व टोकाला व्होइल ड्रिगार्न ही ३६३ मीटर उंचीची टेकडी. नकाशावर नाव इंग्रजी ‘एफ’ने सुरू होतं. वेल्शमध्ये एकेरी ‘एफ’चा उच्चार ‘व’ होतो, एवढं लक्षात ठेवलं तर कुणाला वाट विचारताना अडचण येत नाही.

रस्त्यापासून माथ्यापर्यंतचा चढ जेमतेम शंभर-सव्वाशे मीटरचा. चांगला चालणारा अर्ध्या तासात वर जाऊन, फोटो काढून, तासाभरात गाडीत परत बसू शकतो, आणि बरेच जण तेच करतात. माझं म्हणणं इतकंच की या टेकडीला अर्धा दिवस द्यायला हवा. इथे चढण्याची अडचण नाही; गवताखाली जे झाकलंय ते दिसण्याची आहे. हा लेख मुख्यतः त्यासाठी.

कधी जावं

‘उन्हाळ्यात’ हे सगळ्यांचं उत्तर. माझं उत्तर मार्च, किंवा मग ऑक्टोबरचा शेवट. कारण साधं आहे. जुन्या वस्तीच्या खुणा म्हणजे जमिनीतले हलके चढउतार, कुठे हातभर खळगा, कुठे गुडघाभर उंचवटा. जुलैत गवत वाढलेलं असतं, खालच्या उतारांवर नेचे कमरेपर्यंत येतात आणि सूर्य डोक्यावर असतो. सावली पडत नाही, त्यामुळे सगळी टेकडी एकसारखी हिरवी आणि सपाट दिसते. मार्चमध्ये नेचे वाळून आडवे झालेले असतात आणि ऊन तिरपं येतं. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर वर पोहोचलात तर एकेका खळग्याला सावलीची कड येते आणि मघाशी नुसता उतार वाटलेल्या जागी डझनभर घरांच्या जागा मोजता येतात. पातळ बर्फ भुरभुरलं असेल तर आणखी स्पष्ट. तो योग जमवून आणता येत नाही, आला तर सोडू नये.

डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर सव्वाचारच्या आसपास सूर्य मावळतो, हे मनात ठेवून निघा. जूनमध्ये उजेड साडेनऊपर्यंत असतो, त्यामुळे उन्हाळ्यातच जावं लागलं तर संध्याकाळी सातनंतर चढा. आई-बाबा भारतातून आले असतील आणि त्यांना न्यायचं असेल तर मे महिना बरा: थंडी कमी, नेचे अजून बुटके.

हवामान आदल्या रात्री आणि निघताना, दोन्ही वेळा पाहा. पावसापेक्षा ढगांची उंची आणि वारा महत्त्वाचा. आयर्लंडकडून समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला इथे अडवणारं काही नाही. खाली गावात कोवळं ऊन आणि वर धुकं, हा प्रकार नेहमीचा. पाऊस लागला तर चढता येतं. ढग माथ्यावर बसले असतील तर मात्र जाऊ नका. धोका फार नाही, पण काहीच दिसणार नाही आणि खेप फुकट जाईल.

निघण्याआधी

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा घ्या, ‘ओएल ३५’, उत्तर पेम्ब्रोकशरचा. फोनमधल्या अ‍ॅपवर तोच नकाशा आधी उतरवून ठेवा, कारण या रांगेत नेटवर्क येतं-जातं. कागदी नकाशा मला तरीही हवा असतो. एक तर त्याची बॅटरी संपत नाही, आणि दुसरं म्हणजे तो टेबलावर पसरून आदल्या रात्री वाचता येतो. या नकाशांवर रोमनपूर्व आणि मध्ययुगीन अवशेषांची नावं जुन्या गॉथिक वळणाच्या अक्षरांत छापतात. प्रेसेलीवर ती अक्षरं शोधत बोट फिरवलंत की कुठे काय पाहायचं याची यादी आपोआप तयार होते. ‘कार्न’ म्हणजे दगडांचा ढीग किंवा खडकाळ सुळका, ‘मोइल’ किंवा ‘व्होइल’ म्हणजे बोडकी टेकडी, ‘बुल्ख’ म्हणजे खिंड, ‘वाउन’ म्हणजे दलदलीचा माळ. शेवटचा शब्द दिसला की बुटांची काळजी घ्या.

पिवळसर छटेचा भाग म्हणजे मुक्त वावराची जमीन. २०००च्या कायद्याने अशा डोंगराळ, मोकळ्या जमिनीवर पायी कुठेही फिरण्याचा हक्क दिला आहे. पण तिथवर पोहोचण्याआधीची शेतं खासगी असतात. तिथे आखलेली वाट सोडू नये.

कपड्यांबद्दल एकच आग्रह: जीन्स नको. एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही. पाणी न शिरणारे, घोट्यापर्यंतचे बूट, वारा अडवणारं जॅकेट, एक जास्तीचा स्वेटर, टोपी. छत्री घरी ठेवा, वारा ती पहिल्या पाच मिनिटांत उलटी करतो. थर्मासमध्ये चहा, डब्यात थालीपीठ किंवा पराठे. वर दुकान, टपरी, नळ यातलं काही नाही. टॉर्च आणि शिट्टी पिशवीत असावी. शिट्टीचा संकेत म्हणजे मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. अपघात झाला तर ९९९ वर आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. आवाज जाण्याइतकं नेटवर्क नसेल तर मेसेजनेही मदत मागता येते, पण त्यासाठी आधी नोंदणी लागते. ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत लिहून ९९९ वर पाठवा आणि येणाऱ्या सूचना पाळा. घरी बसून दोन मिनिटांचं काम आहे.

वेळेचा अंदाज बांधायला नेस्मिथचा नियम पुरतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये तो सांगितला: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्यात थांबणं, खाणं, लहान मुलं धरलेली नाहीत. आपल्या कुटुंबासाठी आलेलं उत्तर सरळ दुप्पट करावं.

कसं पोहोचावं

सगळ्यात जवळचं मोठं गाव क्रमिख. कार्डिफहून गाडीने दोन तास, लंडनहून पाच तास धरा, म्हणजे लंडनकरांनी एक रात्र मुक्कामाची तयारी ठेवलेली बरी. पेट्रोल, किराणा, स्वच्छतागृह ही सगळी कामं क्रमिखमध्येच उरकून घ्या. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांची वेगमर्यादा ताशी २० मैल आहे. इंग्लंडमधून येणारे हे विसरतात आणि मग घरी पत्र येतं.

क्रमिखहून मनाख्लॉग-दीकडे जाणारा अरुंद रस्ता पकडायचा. समोरून ट्रॅक्टर आला तर मागे जायला लागेल, हे गृहीत धरा आणि मागची रुंद जागा कुठे गेली हे लक्षात ठेवत चला. तीनेक किलोमीटरवर टेकडी उजवीकडे अगदी जवळ येते आणि रस्त्याकडेला काही गाड्यांपुरती जागा आहे. ती भरली असेल तर शेताच्या फाटकासमोर गाडी लावू नका. रविवारीही शेतकऱ्याला आत-बाहेर करायचं असतं. बसने यायचं तर क्रमिखपर्यंत येता येतं, पण फेऱ्या विरळ आहेत. वेळापत्रक आदल्या दिवशी पाहा आणि पुढचे तीन किलोमीटर पायी धरा.

चढ

गाडीच्या जागेपासून दोन्ही बाजूंनी कुंपण असलेली गाडीवाट निघते. तिच्या शेवटी फाटक. नियम जुना आहे, फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. त्यापुढे मोकळा डोंगर सुरू होतो. सरळ जाणारी वाट रांगेच्या कण्यावरून पश्चिमेला जाते, तिच्याबद्दल पुढे. आपल्याला उजवीकडे चढणारी हिरवी वाट घ्यायची आहे.

इथे घाई करू नका. पहिली काही मिनिटं ओलसर गवत आणि लव्हाळ्यांचे झुबके लागतात. लव्हाळे जिथे दाट, तिथे खाली पाणी, हे ओळखून थोडं वरच्या बाजूने जावं. मेंढ्या सगळीकडे असतील, बहुधा घोडेही. त्यांना खायला घालू नका. कुत्रा सोबत असेल तर १ मार्च ते ३१ जुलै या काळात मुक्त वावराच्या जमिनीवर त्याला आखूड दोरीवर ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, कारण पक्षी जमिनीवर घरटी करतात. मेंढ्यांजवळ तर बाराही महिने.

अर्ध्या चढावर पोहोचलात की वाटेला दगड-मातीचा पसरट बांध आडवा येतो. बहुतेक जण तो ओलांडून पुढे जातात, काय ओलांडलं हे कळतही नाही. हा लोहयुगातल्या गढीचा तट. राजगडासारखी बांधीव तटबंदी, बुरूज, चिलखती माची असं काही डोळ्यांसमोर असेल तर निराशा होईल. दोन हजारांहून अधिक वर्षांत हा तट ढासळून पसरला, त्यावर गवत चढलं. पण त्याच्या कडेने पन्नास पावलं चालून बघा. रेघ सलग वळत जाते, आणि निसर्ग अशा रेघा ओढत नाही. गढीचे भाग तीन आहेत: माथ्याभोवतीचा मुख्य, आणि उत्तर-पूर्व बाजूंना त्याला जोडलेली दोन आवारं. वस्ती वाढत गेली तशी ती बाहेर सरकली असावी असं ही रचना पाहून वाटतं.

वर गेल्यावर

आधी शिखराकडे जाऊ नका, कितीही मोह झाला तरी. तटाच्या आत, पूर्वेकडच्या उतारावर थांबा आणि सूर्य बाजूला ठेवून पाहा. उतार खणून सपाट केलेल्या, काही मीटर व्यासाच्या गोलसर जागा दिसू लागतील. कोकणात उतारावर घर बांधताना मागची बाजू कापून पुढे भराव घालतात, तीच युक्ती. ही घरांची जोती. एक सापडलं की शेजारचं दिसतं, मग त्याच्या खालचं. अशी दोनशेहून अधिक जोती या टेकडीवर नोंदलेली आहेत. ती सगळी एकाच वेळी वापरात होती असं मानायचं कारण नाही, पिढ्यान् पिढ्यांची भर असणार. तरी आज जिथे वाऱ्याशिवाय कुणी राहत नाही, तिथे एके काळी मोठी वस्ती होती.

एका जोत्यात उतरून बसा. मुलं सोबत असतील तर त्यांना दार कुठे असेल ते शोधायला सांगा. घरं लाकूड, कुडाच्या भिंती आणि शंकूसारखं गवती छप्पर अशी गोल होती. १८९९ मध्ये पुराणवस्तूंचे अभ्यासक सबाइन बेअरिंग-गूल्ड यांनी इथे खोदलं तेव्हा मातीची भांडी, काचेचे मणी, चातीच्या दगडी चकत्या अशा वस्तू निघाल्या. काही खापरं रोमन काळातली, म्हणजे रोमन ब्रिटनमध्ये आल्यावरही इथे माणसांचा वावर होता. मला त्या चातीच्या चकत्या सगळ्यात बोलक्या वाटतात. गढी म्हटलं की आपण लढाई डोक्यात आणतो आणि इथे निघालं ते सूतकताईचं सामान. मेंढ्या तेव्हाही असणार.

आता माथ्यावर जा. तिथे तीन प्रचंड दगडी ढीग आहेत, माणसाच्या उंचीहून उंच. टेकडीचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. हे गढीच्याही आधीचे, कांस्ययुगातले, अंदाजे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचे दफनढीग. गढी बांधणारे आले तेव्हाच ते हजारेक वर्षांहून जुने झाले होते. आणि इथे एक गोष्ट मला दर वेळी थांबवते. तटासाठी, घरांसाठी दगड हवा होता. माथ्यावर तीन तयार रास पडल्या होत्या. तरी त्या बऱ्याच अंशी शाबूत राहिल्या. लोकांनी त्यांच्याभोवती घरं बांधली, त्या मोडल्या नाहीत. भीतीपोटी की आदरापोटी, ते सांगायला कुणी उरलेलं नाही. लोहयुगातली माणसं आणि दगडी दफनं हे नातं विदर्भातल्या वाचकांना परकं नाही. नागपूरजवळच्या जुनापाणीला लोहयुगातली शिलावर्तुळं आजही माळावर उभी आहेत. इथे क्रम उलटा आहे, दफनं आधीची आणि लोहयुगातली वस्ती त्यांच्या सोबतीने.

या ढिगांवर चढू नका आणि त्यावर आपला दगड ठेवू नका. आपल्याकडेही हल्ली डोंगरमाथ्यावर दगडांची चळत रचायची हौस आली आहे, ती इथे आवरावी. ही संपूर्ण जागा कायद्याने संरक्षित स्मारक आहे. दगड हलवणं, धातुशोधक यंत्र वापरणं हे गुन्हे ठरतात.

हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला कार्डिगनचा उपसागर दिसतो आणि त्यापलीकडे उत्तर वेल्सचे डोंगर. पूर्वेला क्रमिखपलीकडे व्रेन्नी व्हाउर ही भरदार टेकडी. पश्चिमेला रांगेचा कणा सरळ पसरलेला, त्यावर दातेरी सुळके. डबा खायला ढिगांच्या वाऱ्याआडच्या बाजूला बसा.

पुढे जायचं असेल तर

ताकद आणि उजेड दोन्ही शिल्लक असेल तर त्या कण्यावरून पश्चिमेला चाला. या जुन्या वाटेला ‘सोन्याची वाट’ म्हणतात. आयर्लंडचं सोनं इथून जात असे ही कथा सांगितली जाते, पुरावा मात्र बेताचा. दोनेक किलोमीटरवर कार्न मेनिनचे सुळके, त्यापुढे दीडेक किलोमीटरवर बेद आर्थर, म्हणजे लंबगोलात उभे केलेले डझनभराहून थोडे जास्त ठेंगणे दगड. आर्थर राजाची कबर म्हणतात. आर्थरच्या कबरी वेल्समध्ये पुष्कळ आहेत. टेकडी धरून जाऊन-येऊन आठ-नऊ किलोमीटर होतात, चार तास ठेवा.

या चालण्याचं खरं कारण दगड आहे. स्टोनहेंजमधले लहान, निळसर दगड याच रांगेतले, हे भूवैज्ञानिक हर्बर्ट हेन्री थॉमस यांनी १९२३ मध्ये दाखवलं. पांढुरक्या ठिपक्यांचा हा डोलेराइट जातीचा खडक सुमारे सव्वादोनशे किलोमीटर दूर गेला. त्यांनी कार्न मेनिनवर बोट ठेवलं होतं, अलीकडच्या रासायनिक तपासण्यांनी मुख्य उगम उत्तर उतारावरच्या कार्न गोइडोगकडे सरकवला. माणसांनी ओढून नेले की हिमनदीने वाटेत सोडले, यावर थोडे अभ्यासक अजून भांडतात, पण बहुतेक पुरातत्त्वज्ञ माणसांच्या बाजूने आहेत. स्टोनहेंजच्या मधोमध पडलेली ‘वेदीशिळा’ही वर्षानुवर्षं वेल्सची समजली जाई. २०२४ मध्ये ती थेट ईशान्य स्कॉटलंडची निघाली. तुटलेल्या दगडाच्या ताज्या बाजूवर ठिपके शोधा. तुकडा खिशात घालू नका.

ही रांग आज मोकळी आहे यामागे एक झगडा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, ब्रिटिश युद्धखात्याला हा भाग कायमचं लष्करी सरावक्षेत्र म्हणून हवा होता. शेतकरी, शिक्षक आणि चॅपलचे धर्मोपदेशक उभे राहिले आणि १९४८ मध्ये खात्याने माघार घेतली. या भागाचा कवी वाल्डो विल्यम्स याची स्मृतिशिळा मनाख्लॉग-दीच्या माळावर आहे.

उतरताना आणि नंतर

या टेकडीवर कुणी पडलं तर ते चढताना नाही, उतरताना. ओल्या गवताचा उतार खडकापेक्षा निसरडा असतो. टाच आधी टेका, पावलं लहान ठेवा, सरळ खाली न येता नागमोडी या. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी काठ्या इथेच वापराव्यात. धुकं अचानक आलं तर होकायंत्र काढून दक्षिणेला उतरा, गाडीवाट आणि रस्ता त्याच बाजूला आहेत.

गाडीत बसण्याआधी पायमोज्यांची काठ, गुडघ्यामागची आणि कमरेची जागा तपासा. नेच्यांत आणि गवतात गोचिड्या असतात आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो. चावलेली दिसली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढायची, तेल-तूप काही लावायचं नाही. पुढच्या काही आठवड्यांत तिथे वर्तुळाकार लाली पसरली किंवा ताप आला तर डॉक्टरांना गाठा आणि गोचिडी चावल्याचं आवर्जून सांगा.

दोन दिवस हाताशी असतील तर क्रम असा लावा. पहिल्या दिवशी कास्टेल हेनलिस. तिथे लोहयुगातली गोल घरं उत्खननात सापडलेल्या मूळ जागांवरच पुन्हा बांधली आहेत; आत चूल पेटलेली असते, धुराचा वास अंगाला लागतो. तिकीट आहे, आणि उघडण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. जवळच पेंत्रे इव्हानची नवाश्मयुगीन शिळा आहे, पाच मीटर लांबीचा दगड तीन टोकदार खांबांवर तोललेला. ती बघायला पैसे पडत नाहीत. टेकडी दुसऱ्या दिवशी सकाळी चढा. उलट क्रमाने गेलात तर वरचे खळगे खळगेच राहतात, कारण त्यांवर काय उभं होतं हे डोळ्यांनी अजून पाहिलेलं नसतं.